तरुण संघातील मुलांना नेतृत्वाचे शिक्षण नेमके कोठे आणि कसे द्यावे?

तरुण संघ सचिव (प्रश्न)

जय ख्रिस्त.

मी अहिल्यानगर जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी असलेल्या मराठी मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, तरुण संघाचा सचिव आहे. आमच्या संघात पंधरा ते पंचवीस या वयाची बावीस मुले-मुली आहेत आणि त्यांपैकी चौदा जण शनिवारच्या सभेला नियमाने येतात. गेल्या तीन वर्षांत आम्ही नऊ जणांना नेतृत्व प्रशिक्षणाच्या निवासी शिबिरांना पाठवले. खर्चाचा निम्मा भार मंडळीने उचलला, तर निम्मी रक्कम आम्ही नाताळच्या गीतफेरीतून जमवली. प्रत्येक वेळी घडते ते मात्र सारखेच. मुले शिबिरातून परततात तेव्हा त्यांचे चेहरे उजळलेले असतात, रविवारच्या उपासनेत ती साक्ष देतात, वडीलजनांचे डोळे पाणावतात आणि तिसरा महिना उजाडेपर्यंत त्यांच्यातली अर्धी मुले सभेला यायची बंद झालेली असतात.

मागच्या आठवड्यात संघाचे कपाट आवरताना हार्मोनियमच्या पेटीमागे मला चार प्रमाणपत्रे सापडली. चारही लॅमिनेट केलेली होती. ती ज्यांची होती त्यांपैकी दोघे आता बाहेरगावी नोकरीला आहेत आणि एकाने चर्चला येणेच सोडले आहे. चौथी मुलगी दर रविवारी येते, पण शेवटच्या बाकावर बसते आणि आशीर्वचन होताच निघून जाते. मी तिला गाठून कारण विचारले, तेव्हा तिने शांतपणे सांगितले, "दादा, तिथे आम्हाला पाच दिवस नेता कसा असावा ते शिकवलं. इथे आल्यावर मला चटया घालायला सांगितलं. चटया तर मी आधीही घालत होते."

या उत्तराला माझ्याकडे प्रत्युत्तर नव्हते.

यंदा पाळकीय समितीने तरुणांच्या प्रशिक्षणासाठी थोडी रक्कम मंजूर केली असून ती एकाच कामावर खर्च करा असे बजावले आहे. समितीपुढे तीन पर्याय आहेत. चार मुलांना पुन्हा एखाद्या मोठ्या शिबिराला पाठवावे, बाहेरचा प्रशिक्षक बोलावून गावातच तीन दिवसांचे वर्ग घ्यावेत, किंवा आमच्यातल्या एका होतकरू मुलाला सेमिनरीत, म्हणजे पाळक घडवणाऱ्या धर्मशिक्षणाच्या महाविद्यालयात, धाडावे. यांपैकी काय करावे, किंवा या तिन्हींपेक्षा वेगळे काही करावे काय, याविषयी अनुभवी लोकांनी मार्गदर्शन करावे ही विनंती.

निवृत्त पाळक

प्रिय बंधू,

तुमच्या प्रश्नाचे उत्तर त्या मुलीने आधीच दिलेले आहे, आपण फक्त ते समितीला कळेल अशा शब्दांत मांडायचे आहे.

चटया घालण्यात कमीपणा मुळीच नाही. बायबलमधील प्रेषितांच्या कृत्यांच्या सहाव्या अध्यायात ज्या सात जणांना निवडले, त्यांना पंक्तीचेच काम दिले होते आणि स्तेफन त्यांच्यापैकीच एक होता. मात्र तो अध्याय वाचताना आपण एक गोष्ट सहसा नजरेआड करतो. विधवांना रोजचे अन्न नीट मिळत नाही अशी तक्रार आली, तेव्हा प्रेषितांनी त्या सातांना नुसते वाढपी म्हणून उभे केले नाही, तर ते सगळे कामच त्यांच्या हवाली केले. वाटप कसे करावे, कोणाला आधी द्यावे, तक्रार आली तर काय करावे, हे ठरवणे त्यांच्याकडे आले. आपण आपल्या तरुणांना काम देतो, परंतु कामातला निर्णय आपल्याच मुठीत ठेवतो. चटया किती लागतील, त्या कोणी आणाव्यात, फाटलेल्या केव्हा बदलाव्यात हे ठरवण्याचा अधिकार त्या मुलीला असता, तर कदाचित तिने ती तक्रार केली नसती.

मी दुष्काळी पट्ट्यातील एका मंडळीत सेवेला होतो, तेव्हाचा अनुभव सांगतो. उत्तम शुक्रवारी (गुड फ्रायडेला) ख्रिस्ताच्या वधस्तंभावरील सात उद्गारांवर सात संदेश होत आणि ते वर्षानुवर्षे तेच सात वडीलजन देत असत. एका वर्षी मी तेच सात उद्गार सात तरुणांना वाटून दिले आणि प्रत्येकाला त्याच सात वडीलजनांपैकी एकेक सोबती नेमून दिला. तयारीसाठी पाच आठवडे होते. वडीलजनाने लिहून द्यायचे नाही, फक्त प्रश्न विचारायचे, एवढा एकच नियम मी घातला होता. 'मला तहान लागली आहे' हा उद्गार अकरावीतल्या एका मुलीकडे आला. पहिल्या भेटीला तिने इंटरनेटवरून उतरवलेली चार पाने आणली. तिच्या सोबतीला असलेल्या आजोबांनी ती पाने पाहिली, बाजूला ठेवली आणि विचारले, "तुला शेवटची खरी तहान केव्हा लागली होती?" शुक्रवारी ती मुलगी सहा मिनिटे बोलली. टँकर येण्याची वाट पाहत भर उन्हात कळशांच्या रांगेत उभे राहण्याबद्दल आणि रांगेत मागे असलेल्या एका म्हातारीला कोणी पुढे घेतले नाही त्याबद्दल ती बोलली. पुढे तिने लग्न होऊन गाव सोडीपर्यंत अकरा वर्षे आमची रविवारची शाळा सांभाळली. तिला कोणत्याही शिबिराला पाठवल्याचे मला आठवत नाही.

ही पद्धत माझी नाही. १८८१ साली अमेरिकेतील पोर्टलंड गावी फ्रान्सिस क्लार्क या पाळकाने क्रिश्चन एन्डेव्हर नावाची तरुणांची संस्था काढली, ती पुढे भारतातही पसरली आणि आपल्याकडील जुन्या मंडळ्यांतील आजी-आजोबांना ती आजही आठवते. प्रत्येक सभासदाने कोणत्या ना कोणत्या समितीत काम केले पाहिजे आणि सभा चालवण्याची पाळी आळीपाळीने प्रत्येकावर आली पाहिजे, असा तिचा रिवाज होता. बुजरा मुलगाही त्यामुळे सुटत नसे.

तिसऱ्या पर्यायाविषयी मात्र मी कडक बोलणार आहे. सेमिनरी हे चांगल्या मुलाला द्यायचे बक्षीस नव्हे. तेथील बी.टीएच. किंवा बी.डी. ही धर्मशास्त्राची पदवी पाळकीय सेवेची तयारी आहे आणि त्यासाठी देवाचे पाचारण असावे लागते. आपल्याकडील बऱ्याच सेमिनरींच्या पदव्या सेरामपूरच्या सिनेटकडून, म्हणजे तेथील पदव्या देणाऱ्या मंडळाकडून, मिळतात. १८१८ साली स्थापन झालेल्या आणि १८२७ साली डेन्मार्कच्या राजाकडून पदव्या देण्याची सनद मिळालेल्या बंगालमधील त्या महाविद्यालयाचे हे गाव आहे. ते आपल्या जिल्ह्यातील श्रीरामपूर नव्हे. माझे वडील मात्र मरेपर्यंत 'मुलगा श्रीरामपूरची परीक्षा पास झाला' असेच सांगत असत. ज्या मुलाला पाचारणच नाही त्याला तेथे धाडाल, तर तो चार वर्षांनी पदवी घेऊन परतेल, नोकरी म्हणून मंडळी मागेल आणि तुमच्या तरुण संघाला त्याचा काहीही उपयोग होणार नाही.

वसईची एक शिक्षिका

आमची ख्रिस्तसभा कॅथलिक असल्याने रचना निराळी आहे, तरी दुखणे मात्र तेच आहे, म्हणून लिहिते.

२०१८ च्या ऑक्टोबरमध्ये रोममध्ये तरुणांविषयी महागुरूंची सिनड, म्हणजे बिशपांची सभा, भरली आणि पुढच्या वर्षी २५ मार्चला पोप फ्रान्सिस यांनी 'ख्रिस्तुस व्हिव्हिट' या पत्रावर सही केली. त्यात त्यांनी स्पष्ट म्हटले आहे की युवाकार्याचे कर्ते तरुण स्वतःच आहेत, त्यांना सोबत आणि मार्गदर्शन हवे, पण नव्या वाटा शोधण्याची मोकळीकही हवी. आमच्या धर्मग्रामात (पॅरिशमध्ये) त्या पत्रावर तीन व्याख्याने झाली. तिन्ही व्याख्याने साठीच्या पुढच्या वक्त्यांनी दिली आणि तरुणांकडे खुर्च्या मांडण्याचे काम होते. तुमच्या चटया वाचल्या आणि मला त्या खुर्च्या आठवल्या.

आम्ही नंतर एक बदल केला, तो सांगण्यासारखा आहे. शिबिराला कोण जाणार हे ठरवण्याआधी परतल्यावर कोणते काम त्याच्याकडे येणार हे लेखी ठरवतो, आणि जे काम आज जो प्रौढ माणूस करतो त्याने ते सोडण्याचे त्याच कागदावर कबूल करायचे असते. खरी अडचण येथेच आली. शिबिराला जायला मुले तयार होती, परंतु काम सोडायला मोठी माणसे तयार नव्हती. सणाची वर्गणी जमवणाऱ्या एका काकांनी दोन वर्षे टाळाटाळ केली. अखेर त्यांनी वही दिली, पण तिजोरीची चावी आणखी सहा महिने स्वतःच्या खिशात ठेवली. त्यांच्यावर मी रागावले नाही. तीस वर्षे ज्या कामामुळे माणसाला गावात ओळख मिळाली, ते सहज कसे सुटेल? म्हणून आता आम्ही काम सोडणाऱ्या व्यक्तीलाच वर्षभरासाठी त्या तरुणाचा सोबती नेमतो. सन्मान राहतो आणि अनुभवही वाया जात नाही.

२०२७ च्या ऑगस्टमध्ये सेऊलला जागतिक युवा दिन, म्हणजे जगभरच्या कॅथलिक तरुणांचा मेळावा, आहे. आशियात तो यापूर्वी १९९५ साली मनिलाला झाला होता, त्यामुळे आमच्याकडे उत्साह पुष्कळ आहे. जाणाऱ्यांनी जरूर जावे. पण परतल्यावर करायच्या कामाचा कागद आधी भरून घ्यावा, असे मी धर्मगुरूंना सांगितले आहे.

पुण्यातील जुना विद्यार्थी कार्यकर्ता

पाळकसाहेबांविषयी आदर ठेवून मला थोडा विरोधी सूर लावायचा आहे, कारण ही चर्चा शिबिराच्या विरुद्ध फारच झुकली आहे.

मी खेड्यातून पुण्याला शिकायला आलो आणि युनियन ऑफ इव्हँजेलिकल स्टुडंट्स ऑफ इंडिया या १९५४ पासून चालत आलेल्या विद्यार्थी चळवळीच्या एका लहान गटात वाढलो. आमच्या गावच्या मंडळीत माझ्या वयाची मिळून तीन मुले होती. आपल्यासारखाच विश्वास असलेली, आपल्यासारखेच प्रश्न पडणारी शंभर मुले एका छताखाली मी पहिल्यांदा पाहिली ती शिबिरातच. त्या चार दिवसांनी मला कोणतेही कौशल्य दिले नसेल, पण आपण एकटे नाही ही खात्री दिली आणि लहान मंडळीतल्या मुलाला त्याची गरज शहरातल्या मुलापेक्षा कितीतरी जास्त असते.

दुसरे असे की, काम दिले म्हणजे शिक्षण झाले असे होत नाही. सात उद्गारांची गोष्ट सुंदर आहे, परंतु तिच्यातले खरे शिक्षण त्या आजोबांच्या प्रश्नात होते. असे प्रश्न विचारता येणारे आजोबा प्रत्येक मंडळीत सापडतीलच असे नाही, म्हणून ती कला शिकवावी लागते. आमच्या गटात पहिल्या वर्षी आम्हाला एकच गोष्ट शिकवली, ती म्हणजे शास्त्राभ्यास (बायबलचा गटाने अभ्यास) कसा चालवावा. उताऱ्यात काय लिहिले आहे, त्याचा अर्थ काय आणि त्यावरून मी काय करायचे आहे, या तीन पायऱ्यांचे प्रश्न आदल्या दिवशी लिहून काढायचे आणि ज्याचे उत्तर 'हो' किंवा 'नाही' येते तो प्रश्न खोडायचा. पहिल्यांदा माझे अकरापैकी आठ प्रश्न खोडले गेले. सभेत मी स्वतः किती बोललो हे एक मित्र घड्याळ लावून मोजत असे आणि सगळ्यांपेक्षा जास्त बोललो तर मला पुढच्या आठवड्यात पुन्हा तयारी करावी लागे. वर्षभरात मी गप्प बसायला शिकलो, आणि माझ्या मते गट चालवणाऱ्याला तेच आधी यायला हवे.

व्ही. एस. अझरिया यांचे उदाहरण आपण नेहमी देतो. १९१२ साली ते अँग्लिकन मंडळीचे पहिले भारतीय बिशप झाले हे खरे आहे. पण त्याआधीची बरीच वर्षे ते वायएमसीए या ख्रिस्ती तरुणांच्या संस्थेचे सचिव म्हणून दक्षिण भारतात फिरत होते. १९०३ साली तिरुनेलवेलीत इंडियन मिशनरी सोसायटी उभी राहिली तेव्हा ते तिशीच्याही आत होते आणि १९०५ साली नॅशनल मिशनरी सोसायटीच्या स्थापनेतही ते पुढे होते. मित्रांची संगत, प्रवास आणि जबाबदारी ही तिन्ही त्यांना एकाच वेळी मिळाली. आपण यांतील एकच निवडून इतर दोन सोडतो.

आणखी एक गोष्ट सचिवांनी समितीला जरूर सांगावी. तुमच्या चार प्रमाणपत्रांपैकी दोन मुले नोकरीसाठी गेली, याला तुम्ही अपयशात धरले आहे. आपल्या गावांतील मुले बाविसाव्या वर्षी पुणे, चाकण किंवा मुंबईची वाट धरणारच. ती गेली यात काही वावगे नाही, चूक झाली ती त्यांच्यासोबत कोणतेही पत्र न देण्यात. या मुलाने आमच्याकडे अमुक काम केले आहे, त्याला काम द्या, अशा चार ओळी तुमच्या पाळकांनी येथील पाळकांना लिहिल्या, तर तुमचे प्रशिक्षण वाया न जाता दुसऱ्या मंडळीला मिळते. मी पुण्यात आलो तेव्हा असे पत्र माझ्याजवळ नव्हते आणि सात महिने मी दर रविवारी वेगळ्या चर्चमध्ये मागच्या बाजूला बसून परत येत होतो.

एका मंडळीचे खजिनदार

मी फक्त पैसा आणि कायदा यांविषयी लिहितो, कारण बाकीचे वर चांगले आले आहे.

या चर्चेत अजून कोणी म्हटलेले नाही, पण समितीत कोणीतरी नक्की म्हणेल की परदेशातील अमुक संस्थेकडून प्रशिक्षणाला पैसे मागवू. तसे करू नका. परकीय देणगी घेण्यासाठी २०१० च्या कायद्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर ती रक्कम नवी दिल्लीतील स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतील ठरावीक खात्यातच यावी लागते. शिवाय नोंदणी असलेल्या संस्थेनेही ती पुढे दुसऱ्या संस्थेला देण्यास आता मनाई आहे, त्यामुळे मोठ्या संस्थेमार्फत लहान मंडळीला मदत देण्याची जुनी वाट बंद झाली आहे. माझ्या मते यात तरुण संघाचे नुकसान नाही. गीतफेरीतून जमलेल्या पैशाला मुले जितकी जपतात तितकी बाहेरून आलेल्या पैशाला जपत नाहीत.

तोच पैसा शिकवण्याचे साधन करा. आमच्याकडे गीतफेरीची पेटी दोन तरुण एकत्र मोजतात, दोघेही वहीत सही करतात आणि जानेवारीच्या दुसऱ्या रविवारी उपासनेनंतर मंडळीसमोर हिशेब वाचतात. पहिल्या वर्षी चाळीस रुपयांचा फरक आला. मुलांनी तो स्वतःच्या खिशातून भरून वही जुळवली होती आणि ते मला नंतर कळले. मी त्यांना रागावलो नाही, पण पुढच्या रविवारी त्यांनाच उभे करून फरक होता हे सांगायला लावले. लूकच्या सोळाव्या अध्यायातील 'कारभाराचा हिशेब दे' हे वाक्य त्या दिवशी कोणालाही समजावून सांगावे लागले नाही. बाहेरचे प्रशिक्षक ज्या भारदस्त इंग्रजी शब्दांनी उत्तरदायित्व शिकवतात, त्यासाठी आपल्याकडे हिशेब आणि कारभारी हे साधे शब्द आहेत.

शेवटचा मुद्दा टाळू नये असा आहे. तुमच्या संघात पंधरा वर्षांची मुले आहेत. अठरा वर्षांखालील प्रत्येक जण पॉक्सो कायद्यानुसार, म्हणजे मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणाऱ्या २०१२ च्या कायद्यानुसार बालक आहे आणि अशा मुलाबाबत लैंगिक गुन्हा घडल्याचे कळूनही पोलिसांना न कळवणे हा स्वतंत्र गुन्हा आहे. 'मंडळीत मिटवू' ही सबब तेथे चालत नाही. निवासी शिबिराला पाठवण्यापूर्वी आयोजकांना विचारा की मुलींसोबत जबाबदार स्त्री कार्यकर्ती राहणार आहे काय, मोठ्यांची व मुलांची झोपण्याची सोय वेगळी आहे काय आणि तक्रार कोणाकडे करायची. पालकांची लेखी संमती घ्या. १०९८ हा मुलांच्या मदतीचा फोन क्रमांक मुलांना पाठ असू द्या. या प्रश्नांनी आयोजक रागावले, तर तेथे मुलांना पाठवू नका.

तरुण संघ सचिव

सर्वांचे मनापासून आभार. काल समितीची बैठक झाली, म्हणून पुढचे कळवतो.

सेमिनरीचा पर्याय मागे पडला. ज्या मुलाचे नाव होते त्यानेच मला सांगितले की त्याला आयटीआय करायचे आहे आणि त्याला कोणी विचारलेच नव्हते. शिबिराला चारऐवजी दोघांना पाठवायचे ठरले असून वसईच्या ताईंनी सांगितल्याप्रमाणे कामाचा कागद आधी भरला जाईल. उरलेल्या रकमेतून शास्त्राभ्यास चालवण्याचे चार शनिवारचे वर्ग गावातच घेऊ. बाहेरगावी गेलेल्या दोघांसाठी पाळकांनी पत्रे लिहिण्याचे मान्य केले आहे.

गाडी अडली ती हिशेबावर. आमच्या अध्यक्षांचे म्हणणे असे की मंडळी सार्वजनिक विश्वस्त संस्था म्हणून नोंदलेली आहे, उद्या काही कमी-जास्त झाले तर धर्मादाय आयुक्तांसमोर त्यांना उभे राहावे लागेल, मुलांना नाही. त्यांचे म्हणणे अगदीच चूक आहे असे मला वाटत नाही, म्हणून काय उत्तर द्यावे ते सुचले नाही.

निवृत्त पाळक

अध्यक्षांचे म्हणणे बरोबर आहे, म्हणून त्यांच्याशी वाद घालू नका. मंडळीचे खाते आणि पावतीपुस्तक विश्वस्तांकडेच राहू द्या. मुलांना गीतफेरीची रोजवही द्या आणि तिसरी सही अध्यक्षांची घ्या. रक्कम मोजली गेली की दुसऱ्याच दिवशी ती खजिनदारांच्या हाती जावी. जबाबदारी त्यांची राहते, मोजण्याचे आणि मंडळीसमोर वाचण्याचे काम मुलांचे होते. शिवाय अध्यक्षांना दरवर्षी तासभर मुलांबरोबर एका टेबलावर बसावे लागेल, हा लाभ मी वेगळा धरतो.

पुण्याच्या बंधूंचा आक्षेप मला मान्य आहे. प्रश्न विचारणारे आजोबा सापडत नाहीत, घडवावे लागतात, तेव्हा त्या चार शनिवारच्या वर्गांना तरुणांबरोबर दोन-तीन वडीलजनांनाही बसवा.

उत्तम शुक्रवारचे सात उद्गार वाटणार असाल तर तयारी पाच आठवडे आधी सुरू करा आणि सर्वांत आधी त्या शेवटच्या बाकावरच्या मुलीला विचारा. कोणता उद्गार घ्यायचा ते तिलाच निवडू द्या. नाही म्हणाली तर आग्रह करू नका, आठवड्याने पुन्हा विचारा, आणि त्या रविवारी चटया दुसऱ्या कोणाला तरी घालू द्या.